दोन लाख अठरा हजार

येरेवानच्या दुकानात वारुझानने माझा कॅमेरा
उपडा करून पाहिला, डॉक्टर तान्ह्या बाळाला पाहतात तसा.
कुठलीशी वायर जोडली, पडद्यावर आकडा आला.
म्हणाला, काका, दोन लाख अठरा हजार वेळा
उघडमीट झाली आहे शटरची.
साठ हजार द्राम देईन,
तेही तुम्ही आहात म्हणून.

नवा दहा लाखांचा.
आठवडाभर वापरून तर बघा, म्हणाला,
आणि पट्टा माझ्या गळ्यात अडकवलाच.

ग्युम्रीत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
शोघिकने वही उघडली.
दहा लाख म्हणजे गॅसचे चार हिवाळे.
म्हणजे तिचे वरचे दोन दात आणि खालचा एक.
म्हणजे अडतीस बाप्तिस्मे,
तेही आईबापांनी पैसे वेळेवर दिले तर.
मी म्हटलं, याला माणसाचा डोळा ओळखता येतो.
ती म्हणाली, मग तुला इतकी वर्षं काय येत होतं?

येतं मला. पण हात.
गेल्या वर्षापासून उजवा हात
बशीवर पेला वाजवू लागलाय.
चर्चच्या अंधारात मेणबत्त्यांना
माझ्या फोटोत शेपट्या फुटतात.
गिऱ्हाइकांना ते कलात्मक वाटतं.
मी गप्प राहतो, पैसे मोजून घेतो.

नव्याच्या पोटात काहीतरी तरंगत असतं.
हात डावीकडे गेला की ते उजवीकडे झुकतं,
लग्नाच्या नाचात शोघिक झुकते तसं:
माझं पाऊल चुकायच्या आधीच
तिचं वळलेलं असतं,
आणि लोकांना वाटतं, नवरा काय छान नाचतो.

शनिवारी शाळांची बुद्धिबळ स्पर्धा.
चाळीस पट, ऐंशी पोरं,
घड्याळं दाबल्याचा खटखटाट,
हीटरजवळ वाळत घातलेल्या ओल्या हातमोज्यांचा वास.
नवा कॅमेरा मुका.
बाराशे फोटो काढले, कोणाला पत्ता नाही.
पंचबाईंनी पहिल्यांदाच
माझ्यावर डोळे वटारले नाहीत.

रात्री पाहत बसलो.
पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा,
भांगातला कोंडासुद्धा वाचता यावा.
आणि बाराशेपैकी एकातही
कोणी वर पाहिलेलं नाही.

मग जुनी वर्षं उघडली.
नारे, दहा वर्षांची, हत्ती हवेतच,
माझ्याकडे अशी बघते आहे
जणू तिचा डाव मीच नासवला.
गोर, वजीर नुकताच गेलेला,
त्याला कोणाला तरी सांगायचं आहे
आणि समोर फक्त मी.
कोणीतरी हसू दाबतोय, प्यादं मुठीत,
नाव विसरलो, कान लाल आहेत.

नऊ वर्षं मी समजत होतो, मी क्षण पकडतो.
क्षण त्या खटक्याला दचकून
मान वर करत होता, इतकंच.

नव्यात आवाजाचीही सोय आहे म्हणे.
तीन तऱ्हा, एक ते पाच पायऱ्या.
पाचवर लावून पाहिला.
मांजरानंसुद्धा कान हलवला नाही.
जुना उचलला. खटक्.
आतल्या खोलीतून शोघिक, काय रे?
आणि दारात आली, हातात लाटणं,
तेवढ्यात आणखी एक. खटक्.
तीही हललेलीच आली,
शेपटी फुटलेली.
हा फोटो ठेवू नकोस, म्हणाली.
मी ठेवला.

आज सोमवार. मार्शरुत्कात मागची जागा,
मांडीवर दोन पिशव्या.
वारुझान दारातच विचारील, मग काय ठरलं काका?
शेजारचा पोरगा फोनवर काही टाइप करतोय,
चुकतोय, पुसतोय, पुन्हा चुकतोय.
दोन तासांचा रस्ता आहे
आणि खड्डे इतके
की गाडीतल्या सगळ्यांचेच हात
माझ्यासारखे.