रोमिंग : मध्यम

कोगनोळीच्या वखारीत आज यंत्र आलं.
अर्ध्या विटेएवढं, मनगटाला पट्टा,
कपाळाला लाल काच.
माहितीपत्रकावर तंबाखूची पूड बसायला
दहा मिनिटंही लागली नाहीत.
'पद्मश्री, तू बारावी सायन्स,' मालक म्हणाले,
'तूच बघ.' आणि शिंकत बाहेर गेले.

फोनवर हुबळीचा बसनगौडा.
'हेळ्री मॅडम, स्क्रीन म्याले एन बर्तद?'
तो कन्नडातनं विचारतो, मी मराठीतनं सांगते,
मधे यंत्र इंग्रजीत थांबलेलं.
भाषेच्या यादीत कोरियन होतं, पोलिश होतं,
पोर्तुगीज तर दोन जातीचं.
मी तळापर्यंत गेले.
'नम्दू इल्ल?'
'आमचीपण नाही ओ.'
दोघंही हसलो
आणि पुढचं पान उघडलं.

पासवर्ड भूपालअण्णांनी लावलेला,
राउटरच्या पाठीवर स्केचपेननं :
हायवेचा जुना नंबर, पुढं वखार बांधल्याचं साल.
हायवेचा नंबर कधीच बदलला,
टोलनाक्यावर पाट्यासुद्धा नव्या.
अण्णाही गेले त्याला तीन मोसम झाले.
पासवर्ड बदलायचं
कुणाच्या मनातच आलं नाही.

कळा मोजक्या.
एन पाहिजे तर सहा, दोनदा.
एच पाहिजे तर चार, दोनदा.
आणि चार पाहिजे तर चारच, चार वेळा.
मधे जरा थांबायचं,
नाहीतर एक अक्षर दुसऱ्याला गिळतं.
पलीकडं कल्लव्वा पोतं शिवत होती.
तिचे तीन टाके, माझं एक अक्षर.
'एवढ्यात मी बोद भरून सोडलं असतं की ग.'

आयपी हातानं की आपोआप?
आपोआप.
'आत्री?' 'आलं की ओ, आलं.'

चौथ्या ओळीपर्यंत ठीक.
पाचवीत, जिथं गेल्या मोसमाची थप्पी
पत्र्याला टेकलीय,
सिग्नलची एक काडी. मग तीही नाही.
बसनगौडा म्हणाला रीसेट करा, म्हणाला चॅनेल बदला,
म्हणाला तडीरी, साहेबांना विचारतो.

कल्लव्वानं सुई पदराला टोचली.
'पानानं पाणी धरलंय. ओलं पान समदं पितंय बघ.
आतनं हाक मारली तर दारात ऐकू येत न्हाई.
आम्ही तिथं बोलतच न्हाई. हात करतो.'
आणि बोट वर : तुळईचा हुक,
जिथं पूर्वी तागडी टांगायची.

शिडी. वायर. सुतळी.
राउटर हुकाला जरासा झुलला,
कुणी त्याचं वजन करतंय असा.

शेवटी एकच खूण राहिली : रोमिंग.
कमी, मध्यम, जास्त.
'म्हणजे काय हो?'
बसनगौडा पहिल्यांदाच मराठीत बोलला,
सोलापूरच्या मावशीकडं शिकलेल्या :
'एक सोडून दुसरं कधी धरायचं, ते.
कमी ठेवलं तर मेलेल्यालाच धरून बसतंय.
जास्त ठेवलं तर कुठंच टिकत नाही.'

माझा फोन
गच्चीवर कपडे वाळत घालताना
महाराष्ट्रात स्वागत करतो,
जिना उतरले की कर्नाटकात.
दिवसातनं चारदा स्वागत,
कुठंही न जाता.

मध्यम केलं.

पाचव्या ओळीत गेले, काच धरली. टिट्.
नंबर बरोबर. वजन बरोबर.
गावाचं स्पेलिंग चुकलेलं, ते नंतर बघू.
'बघू मला,' कल्लव्वा म्हणाली.
तिनं काच बारकोडवर नाही धरली.
धरली आपल्या छापावर,
काजळीच्या दोन उभ्या रेघा, बाजूला टिंब,
तिच्या सासूपासनं चालत आलेला.
यंत्र बराच वेळ बघत राहिलं.
काही बोललं नाही.

'अजून वाचाय येत न्हाई ह्याला,'
ती म्हणाली,
आणि दोरा ओला करून
सुईचं भोक शोधायला लागली.