हिवाळी दुरुस्ती

काल सकाळपासून कॉफी बंद.
चहा नाही, कोला नाही, चॉकलेटचा तुकडासुद्धा नाही.
'डीकॅफही चालणार नाही बरं का,' फोनवरची बाई म्हणाली,
जणू मी डीकॅफ पिणाऱ्यांतला वाटलो तिला.
आम्ही फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं;
आमच्यात पोराला आधी कॉफीचं बोट चाटवतात,
मग नाव ठेवतात.
दुपारी डोकं ठणकायला लागलं.
रात्री मी रिकाम्या किटलीशी भांडलो,
आणि डोरीन हसली, बऱ्याच दिवसांनी.

फेब्रुवारीत सू सेंट मरीत बोटी नसतात.
एकतीस वर्षं मी इथल्या लॉकवर दोर सांभाळले.
हजार फुटांची बोट, पोटात लोखंडाची माती,
वरच्या सरोवरातून खालच्या पाण्यात
एकवीस फूट उतरते;
ना पंप, ना मोटार,
नुसती दारं, झडपा,
आणि पाण्याला दिलेला वेळ.

डार्ला लूनस्फूटने शिशाच्या नळकांड्यातून सिरिंज काढली.
तिच्या आजोबांना मी ओळखायचो,
व्हाइटफिश मासा धुरावून विकायचे.
'गार लागेल,' म्हणाली. नाही लागलं.
मग हात डोक्यावर, शरण आल्यासारखे,
आणि कॅमेरा छातीभोवती फिरत राहिला
पंधरा मिनिटं, न बोलता,
हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखा.

छातीवरचे पांढरे केस दहा ठिकाणी भादरले,
दहा वायरी डकवल्या, आणि म्हणाले, चाला.
पट्टा चालू.
दर तीन मिनिटांनी तो थोडा वर उचलला जातो,
थोडा पळवतो.
रस्ता दिसत नाही, भिंतीवर एका धबधब्याचं चित्र,
तेही उन्हाळ्यातलं.
'दुखलं तर लगेच सांगायचं,' डॉक्टर ओसबेक.

सांगायचं तर नोव्हेंबरपासून सांगावं लागेल.
दारातला बर्फ काढताना जबडा धरला होता,
डावा हात ओल्या दोरासारखा जड,
मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो.
डोरीनने खिडकीतून विचारलं, काय झालं?
म्हटलं, खिळा पडलाय, शोधतोय.
काळजाचं पाणी झालं होतं माझ्या,
आणि पाण्याचं तर मला सगळं कळतं
असा माझा समज.

सातव्या मिनिटाला, धापा टाकत, मी म्हणालो: नोव्हेंबर.
'काय?'
नोव्हेंबरमध्ये दुखलं होतं. आत्ताही तसंच, थोडं.
त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही.
कागदाच्या पट्टीकडे बघितलं,
डार्लाने दुसरी सुई टोचली,
'अजून एक मिनिट जमेल?'
जमलं.
कसं, ते गुडघ्यांना विचारा.

मग चीज सँडविच, आणि चक्क कॉफी, मशीनमधली,
जन्मात प्यालेली सगळ्यात वाईट.
दोन कप प्यालो.
परत टेबल, परत हात वर.

तिथे पडल्या पडल्या आठवलं:
दर जानेवारीत आम्ही लॉक रिकामा करायचो.
तळाशी उतरायचो, भिंतींवर दिवे धरायचो,
तडे मोजायचो, बिजागऱ्या बदलायचो,
दहा आठवडे एकही बोट नाही.
हे छातीतलं अडुसष्ट वर्षांत
एक दिवससुद्धा बंद नव्हतं,
चालू असतानाच आत डोकवायचं,
आणि दिवा म्हणून
माणसालाच थोडा वेळ उजळवायचं.

निघताना डार्लाने एक कार्ड दिलं.
'दोन-तीन दिवस पुलावरून पलीकडे जाऊ नका.
गेलात तर कॅनडाच्या नाक्यावर यंत्र वाजेल,
हे दाखवा.'
बहिणीला गाडीतूनच फोन केला.
हिल्मा, आज येत नाही, पुलावर गजर होईल.
'एवढं काय चोरून आणतोयस?' ती म्हणाली.

रिझल्ट गुरुवारी.
घरी जायच्या आधी लॉकच्या कठड्यापाशी गाडी थांबवली.
खाली, कोरड्या तळाशी,
वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या.
मी हात केला. कोणी वर बघितलं नाही.
डोरीनला त्या खिळ्याचं
अजून सांगायचं आहे.