धडा

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं मापाडी आहे मी.
गोणी काट्यावर पडली की आकडा उमटायच्या आधी
तळपायाला कळतं.
पन्नास किलो सहाशे. बघा आता.
पन्नास सहाशेच.

आणि हा फोन मला विचारतो,
दिवसातून पाच वेळा, टुण् करून,
‘या क्षणी तुम्हाला कसं वाटतंय?
एक ते दहामध्ये सांगा.’

झोप लागेना म्हणून वाशीच्या दवाखान्यात गेलो होतो.
रक्त घेतलं, छाती तपासली, सगळं नॉर्मल.
मग शेवटच्या खोलीतली शर्वाणी मॅडम,
पोरगीच, माझ्या धाकटीच्या वयाची,
म्हणाली, काका, गोळ्या नकोत इतक्यात,
महिनाभर मन मोजून बघू.
म्हटलं, मण कधीच बंद झाला, आता क्विंटल.
ती हसली नाही. तिला मण माहीत नसावा.
ॲप टाकून दिलं.

पहिल्या दिवसापासून सहा.
सकाळी सहा, दुपारी सहा, रात्री साडेनऊला सहा.
सहा बरा भाव आहे,
घेणारा भांडत नाही, देणारा रडत नाही.
पहाटे तीनला पंख्याकडे बघत पडायचो
तेव्हा मात्र तो विचारत नसे.
त्याला झोप लागायची.

खरी अडचण वेगळीच.
कुठलाही काटा आधी शून्यावर आणावा लागतो.
तागडीच्या काळात आम्ही धडा करायचो,
एका पारड्यात रिकामा डबा, दुसऱ्यात खडे,
दांडी सरळ झाली की मगच तेल, तूप, काय ते.
आता बारदान वजा करतो, तसंच.
तर माझं बारदान किती?
कोपरखैरण्याची खोली,
पुष्पाचं न बोलता वाढलेलं ताट,
थोरल्याचा दर रविवारी न येणारा फोन,
हे मालात धरायचं की गोणीत?
असा रकाना त्या ॲपमध्ये नव्हता.

चारच्या टुण्‌ला हात कांद्याच्या मातीनं भरलेले असतात.
शिवाय एकतीस वर्षांत बोटं झिजलीत,
काच मला ओळखत नाही.
म्हणून चहावाला तौफीक,
उदगीरचा, एकोणीस-वीसचा असेल,
एका हातात किटली, दुसऱ्या हातानं माझा फोन दाबायचा.
‘किती, काका?’
‘टाक सहा.’

महिन्यानं मॅडमनं आलेख उघडला.
सहा, सहा, सहा,
ओहोटीच्या खाडीतल्या चिखलासारखं सपाट,
आणि रोज चारला एक टेंगूळ.
नऊ. दोनदा तर दहा.
‘काका, चार वाजता काय होतं?’
‘चहा होतो,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी धरला त्याला.
मापात खोट? आणि माझ्या मापात?
इथे व्यापाऱ्यांनी नोटा पुढे केल्या तरी
पासंगाएवढा फरक केला नाही मी!
तो ग्लास विसळत म्हणाला,
‘सहा म्हणताना तुम्ही हसायलते, काका.
म्हणून जरा चढवलं.’

हसत होतो? मी?
पुष्पाला विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार.

मॅडमला खरं सांगायचं राहिलंय अजून.
झोपेचं म्हणाल तर पंखा आहेच.
काल तीनऐवजी साडेतीनला दिसला.

आज चारला टुण् वाजलं.
तौफीकनं सवयीनं फोन उचलला.
म्हटलं, थांब, माझं राहू दे. तुझं किती?

त्यानं किटली खाली ठेवली.
मागे नाशिकचा ट्रक रिव्हर्स घेत होता,
माथाडी ओरडत होते, येऊ दे, येऊ दे, बस्स.
फोनवरचा प्रश्न विझला. परत पेटवला.
चहावर साय धरली.
अरे, एक आकडा तर सांगायचाय, मी म्हटलं.

‘थांबा की, काका,’ तो म्हणाला,
‘मोजायलो.’