रकाना क्रमांक सात

शनिवारी दुपारी, खोली क्रमांक चौदा.
माझे तास सगळ्यांत कमी,
म्हणून करिअर मार्गदर्शन माझ्याकडे
असं प्राचार्यांनी लेखी दिलंय.
मार्च. एकेचाळीस अंश.
पंखा फिरतोय, वारा नेमका कुठे जातो
ते संख्याशास्त्र शिकवूनही मला सांगता येत नाही.

बेचाळीस मुलं, बेचाळीस फॉर्म.
रकाना सात : अंतिम ध्येय. एकच लिहावे.
विशीतली पोरं टोपण चावत बसलेली.
मागून कुणीतरी कुजबुजलं,
"अंतिम म्हणजे काय बे, मेल्यावरचं?"
हशा.
मी डोळे वटारले, पण प्रश्न बरोबर होता.

मी तयारी करून आले होते.
मागाचं उदाहरण देणार होते :
ताणा तोच राहतो, नक्षीची पुठ्ठी बदलतात, वगैरे.
फळ्यावर उभ्या रेघा ओढून झाल्या
तेव्हा नरसिंग बोद्दूल उठला.
"मॅडम, चादरीचं नको की.
आमचा माग दिवाळीत भंगारात गेला.
किलोवर.
ताण्यासकट."

खडू खाली ठेवला.
रेघा तशाच राहिल्या, कुणी पुसल्या नाहीत.
म्हणाले, फॉर्म राहू द्या.
घरी विचारून या, आजवर काय काय कामं केली.
पगार नका लिहू.
लाज वाटली असेल तर तीही लिहा.

पुढच्या शनिवारी
नरसिंगच्या वहीत वडिलांची अकरा कामं :
कांड्या भरणं, माग, दुसऱ्याचा माग, स्वतःचा माग,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याची तिकिटं,
टॉवेलच्या घड्या, रिक्षा, रात्रपाळीची राखण,
अजून दोन त्याला वाचता आली नाहीत,
आणि आता
साडीच्या दुकानासाठी मोबाइलवर फोटो काढतात.
"रंग अचूक येतो म्हणे त्यांचा.
धागा बघून बघून डोळा बसलाय."

तस्लीम मोमीनची आई विड्या वळायची,
आता बचत गटाची वही सांभाळते,
हजाराचा हिशेब तोंडी.
तस्लीम म्हणाली, "मला तर तीन गोष्टी आवडतात मॅडम,
म्हणून तिन्ही खोट्या वाटतात."

महांतेश बिराजदारच्या कागदावर एकच ओळ :
बँक, एकोणतीस वर्षं.
खाली बारीक अक्षरात, वडिलांच्याच हातचं :
राजीनामा दोनदा लिहिला होता.

मी गोड बोलले नाही.
अकरातली आठ कामं बोद्दूलांनी निवडली नव्हती,
त्यांना तिकडे ढकललं होतं.
ढकललं जाणं वेगळं, आपण होऊन वळणं वेगळं,
दोन्हींत पाय सारखेच पोळतात.
तुमच्या आठाचे पाच करता येतात का, बघू.
या सुट्टीत एकच काम धरा.
नाही जमलं तर जूनचा पहिला शनिवार आहेच.

"मॅडम, घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, इथं मराठी,
ते कुठल्या रकान्यात?"
फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.
मागच्या कोऱ्या बाजूवर लिही म्हटलं.
मग सगळ्यांनीच कागद उलटे केले.

"आणि तुमचं?" तस्लीमनं विचारलं.
रंगशाळेत रसायनांच्या नोंदी.
विम्याचे हप्ते, दारोदार, चप्पल दोनदा शिवलेली.
एक वर्ष काहीच नाही.
("तेही लिहा," ती म्हणाली.)
मग हे.
"पुढं?"
बेचाळीस चेहऱ्यांसमोर
मी पहिल्यांदा म्हणाले, माहीत नाही.
कुणीतरी खिडकी उघडली. गरम झळ आली,
तरी बंद करा कुणी म्हणालं नाही.

सोमवारी ऑफिसातून गठ्ठा परत.
हत्तरकी क्लार्कचा शेरा, लाल शाईत :
रकाना सात पेन्सिलीने भरलेला आहे,
नियमात बसत नाही.

नरसिंग होटगी रोडला सौर पॅनेलवाल्याकडे जातोय,
दोन महिने, जमतंय का बघायला.
मी विजापूर वेशीतून
शिसपेन्सिलींचे चार डझन आणून ठेवलेत,
आणि एक खोडरबर, मोठा,
माझ्या टेबलावर.