फूट आणि इंच

टेबलावर तीन पद्धती आहेत.
पहिली दिल्लीहून आलेली, गुळगुळीत कागदाची.
दुसरी परदेशी; पावसाळी गटाराला
तिच्या भाषांतरात सगळीकडे ‘वादळी पाणी’ म्हटलंय.
तिसरी नुसती झेरॉक्स, कडा काळ्या.

मी शाखा अभियंता, पर्यावरण कक्ष.
सोमवारपर्यंत शेरा लिहायचा आहे:
गंगावेशीपासून पंचगंगेच्या घाटापर्यंतच्या वस्तीला
कोणत्या पट्टीनं मोजून हिरवं म्हणायचं.

पहिलीत दर झाडाला गुण.
गेल्या वर्षी लावलेली चारशे रोपं
तिच्या हिशेबात अजून उभी आहेत.
माझ्या हिशेबात पिंजरे उभे आहेत,
पिंजऱ्यांवर नावं, नावांवर कावळे.

दुसरी म्हणते, घरापासून चारशे मीटरवर बसथांबा हवा.
आहे.
बस हवी, असं कुठे म्हटलेलं नाही.

रकाना अठ्ठावीस: अन्न किती अंतरावरून येते?
म्हणून रात्री साडेआठला गंगावेशीत गेले.
दाजीबा आडूळकरांची म्हैस रस्त्याकडेला उभी,
धारोष्ण दुधाचा पेला, वर चार बोटं फेस.
आचळापासून गिऱ्हाइकाच्या ओठापर्यंत
मी नजरेनं मोजलं: दोन हात.
वेष्टन नाही. वाहतूक नाही. इंधन म्हणजे वैरण.
आणि रकान्यात किमान अंकच एक किलोमीटर.
‘लागू नाही’ लिहिलं.
शेणासाठी मात्र रकाना बत्तीस आहे,
तिथं गुण वजा होतात.

“काय लिवताय बाई?”
“मार्क देतेय.”
“म्हशीला?”
“पेठेला.”
दाजीबांनी कासेवर पाण्याचा हात फिरवला.
“मग पान्याच्या टायमाला या की.
एकोनीसला हिला माडीवर चढवली होती.
जिन्यानं. उतरवायला आठ मानसं लागली.”
याला कुठला रकाना, ते मी अजून शोधतेय.

सल्लागार ओजस देवस्थळी पुण्याहून आले,
म्हणाले, “मॅडम, पहिली घ्या.
नऊ महिन्यांत पाटी. पितळेची.
चौकात लावा, फोटो छान येतो.”
माणूस वाईट नाही. त्यानं माझ्यासाठी
तिन्हींचा तक्ता करून आणला होता, रंगीत,
आणि जयंती नाल्यावरून जाताना
काच वर केली, ती माझ्याकडे न बघता.

तिसरीत पाटी नाही.
ती विचारते, पहाटे पाचला नाल्याचा रंग काय असतो.
उत्तराखाली अभियंत्याची सही चालत नाही,
नाल्याकाठी राहणाऱ्या बाईची लागते.
दर दोन वर्षांनी परत येते, न सांगता.
मी शशिकला बुचडेंच्या ओट्यावर बसून
तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं भरली.
शंभरातले एकतीस.
पास व्हायला चाळीस लागतात.

“म्हणजे नापास व्हायला फी भरायची?”
साहेबांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.
फी आमच्या पगारातून जात नाही.

‘निवडीचे कारण’ या ओळीवर
मी पेन टेकवून बसले, शाईचा ठिपका पडेपर्यंत.
मग लिहिलं:
जुलैत या गावात कोण कुणाला
जेवलास का, असं आधी विचारत नाही.
विचारतात, बंधाऱ्यावर पाणी किती?
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका.
बेचाळीस फूट अकरा इंच असेल
तर बेचाळीस फूट अकरा इंचच सांगतात,
चहाच्या गाड्यावरसुद्धा.
कुणी इंच झाकत नाही, कुणी वर चढवत नाही,
कारण त्या आकड्यावर म्हैस माडीवर न्यायची असते.
सबब, तिसरी.

‘सबब’ खोडलं, परत लिहिलं.

गुरुवारी फाईल खाली आली.
समासात दोन शब्द: चर्चा करा.
शिसपेन्सिलीनं,
म्हणजे पुसता येतील असे.