सतत गैरहजर

दाखल्यावर शेरा आहे, निळ्या शाईत:
सतत गैरहजर.
बोरकुटे सरांनी तो पुढे केला
तेव्हा माझ्या बोटांना हळद होती.
त्यांनी कोपरा धरून दिला,
मी कोपरा धरून घेतला.

नववी क.
कुणी काढलं नव्हतं मला शाळेतून.
लग्नही ठरलं नव्हतं.
दिवाळीच्या सुट्टीत मावशीसोबत
कापूस वेचायला गेले, किलोमागे दोन रुपये,
पहिल्या चुकाऱ्यात पायपट्ट्या घेतल्या.
सुट्टी संपली.
कापूस नाही संपला.
मग तुरी आल्या सोंगायला, मग चणा,
आणि एक दिवस धुऱ्यावरून पाहिलं
तर आमचा वर्ग दहावीत गेलेला,
सुलोचनाच्या बाजूला दुसरीच कोणी.

सासर चार घरं सोडून. त्यामुळे
त्याच शाळेत मी परत गेले, अकरा वर्षं,
मागच्या दारानं, टिनाच्या शेडात.
दोनशे बारा पोरं. खिचडी, मटकीची उसळ.
सासरा गेला तेव्हा तेवढे तीन दिवस खाडा.
खिडकीतून वर्गाचा आवाज यायचा,
मास्तर म्हणायचे, क्ष ची किंमत काढा,
आणि माझी फोडणी जळायची.
क्ष निघायचा, पण.

सतरा नंबरचा फॉर्म भरला.
दहावी एकोणपन्नास टक्के. बारावी चोपन्न.
इंग्रजीचं विचारू नका.
सराटा जावेच्या हाती दिला, आणि या जुलैत
घाटंजीची बस धरली.
कंडक्टर म्हणाला, बाई, हे पोरीईची गाडी हाय.
म्हटलं, मी बी कॉलेजातच चालली.
त्यानं वरून खालपर्यंत पाहिलं,
अर्धं तिकीट फाडलं,
आणि सुट्टे परत द्यायला विसरला, मुद्दाम की कसं,
कोण जाणे.

गेटवर शिपाई उठून उभा राहिला.
पालकांची मीटिंग शनिवारी हाय, काकू.
त्याला काय सांगावं?
माझ्या पिशवीत दोनशे पानांची वही होती,
पोराच्या कंपासमधला पेन,
आणि डब्यात भाकर-ठेचा, फडक्यात घट्ट बांधून
की वास येऊ नये.

खोली नंबर चार. मधल्या रांगेत
एका पोरीनं ओढणी सावरून जागा केली.
सर हजेरी घेत होते.
नैताम वनमाला शालिक.
कुणी बोललं नाही.
मीही वळून पाहिलं, कोण आहे ती.
नैताम वनमाला शालिक.
सरांचा पेन टेकला, पुढे गेला.
मग बापाचा चेहरा आठवला एकदम,
बंडीवर बसलेला, बिडी विझलेली,
बावीस वर्षांत कुणी त्याच्या नावासकट
हाक मारली नव्हती मला.
गावात मी खिचडीवाली बाई. घरात अमोलची माय.

उभी राहिले. बाक करकरला.
हाय सर, हाय मी. मीच हाय ते.
वर्ग हसला, मीही हसले, घाम फुटला.
सरांनी खाडाखोड केली.
खालचा गैरहजर नीट पुसला गेला नाही,
त्याच्यावरच हजर.

मग फळ्यावर लिहिलं: दरडोई उत्पन्न.
म्हणाले, दरडोई म्हणजे काय, कोण सांगेल?
पोरं वहीत पाहू लागली.
माझ्या तोंडात होतं,
तांदूळ दीडशे ग्रॅम, डाळ तीस,
पण हात वर गेला नाही. पहिलाच दिवस.

सांजेला वाघाडीच्या पुलावरून बस आली
तेव्हा सुमनबाई फाट्यावर उभी होती,
गंजाच्या काळ्या हातांनी.
काय शिकवलं वो आज?
म्हटलं, दरडोई.
हट, ती म्हणाली,
ते त आपल्याले येते.