‘ळ’ जरा वर उमटतो

जाहिरातीत मी खरं तेच लिहिलं होतं :
मराठी टंकलेखन यंत्र, लांब कॅरेज, रिबन नवी,
‘ळ’ जरा वर उमटतो, बाकी सगळं चालू.
फोटो सहा. तळाच्या गंजाचाही एक.

शनिपाराजवळचा माझा वर्ग बंद झाला तेव्हा
अठरा यंत्रं उरली, आणि भिंतीवरचं एक घड्याळ
ज्याच्यावर पोरं मिनिटाला तीस शब्द गाठायची.
भंगारवाला किलोनं मागत होता.
पुतणी म्हणाली, आत्या, ऑनलाइन लिलावात टाक.
सात दिवस चालतो. लोक बोली लावतात.

बोली.
जुन्या बाजारात बुधवारी बोली लावायची म्हणजे
हात खिशातून बाहेर यायचा, नोटेसकट.

रविवारी रात्री दहा अठ्ठावन्नला
तुम्ही चार हजार तीनशे पन्नास म्हणालात.
कऱ्हाडचे कोणीतरी पन्नास रुपये अलीकडे थांबले होते.
अकरा वाजले. पडद्यावर फुगे उडाले :
अभिनंदन, तुमची वस्तू विकली गेली.
मी बोहरी आळीतून सुतळी आणली,
शेजारच्यांच्या नव्या फ्रिजचं थर्माकोल मागून घेतलं,
कॅरेज बांधून टाकलं, सरकू नये म्हणून.

सोमवार. मंगळवार.
‘सस्नेह नमस्कार. पैसे कधी भरताय?’
गुरुवारी तुम्ही अंगठा पाठवलात.
नुसता अंगठा.
एकोणतीस वर्षं मी मुलांना शिकवलं,
अंगठ्याला एकच काम : जागा सोडणं.

शनिवारी कळलं, तुमचे सासरे ॲडमिट आहेत.
मी काळजीनं विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात?
त्यावर दोन निळ्या खुणा.
त्याच रात्री तुम्ही एका ग्रामोफोनवर बोली लावत होतात,
हेही पुतणीनंच दाखवलं.
सासरे बरे असोत.

मग मी सुतळी सोडली, यंत्र टेबलावर घेतलं,
कागद चढवला,
आणि शेवटचं पत्र त्याच्यावरच टाइप केलं :
‘आपण शब्द पाळला नाही. वेळ टळून गेली.
टाळाटाळ पुरे. विक्री रद्द. कळावे.’
प्रत्येक ळ टाचा उंचावून उभा,
मागच्या बाकावरून
आज कोण आलं नाही ते बघत असल्यासारखा.
खरं सांगते, अर्धा राग तिथेच गेला.

ओळ संपायला सात अक्षरं होती, तेव्हा घंटी वाजली.
हे यंत्र असं आहे बघा,
कड जवळ आली की आधी सांगतं.
तुमच्यासाठी तर मी तीनदा वाजवली होती.

कंपनीचा फॉर्म भरला. त्यांनी कापलेलं कमिशन
बाविसाव्या दिवशी परत केलं.
तुमच्या नावापुढे एक ठिपका लागला म्हणे.
एका ठिपक्यानं काय होतंय, असं पुतणी म्हणाली.
तिला अनुस्वार कधी नीट आलाच नाही.

कऱ्हाडला विचारलं, अजून हवंय का?
हणमंत येळावकर, कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहितात.
त्यांनी एकच प्रश्न केला : वर म्हणजे किती वर?
म्हटलं, अर्ध्या तांदळाएवढा.
‘मग चालेल. माझ्या आडनावातला जरा उठून दिसेल.’
चहा उकळायच्या आत पैसे आले.
कुरिअरवाल्यानं जिन्यात खोका तिरका केला
तेव्हा आत घंटी एकदा वाजली.
तो दचकला. मी नाही.

काल तुमचा निरोप आला :
‘मॅडम, टाइपरायटर अजून आहे का?’

सतरा आहेत.
उत्तराच्या जागी मी
जागा सोडली आहे.
अंगठ्यानं.